वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ: हेवी टँकची कुठली लाईन घ्यावी?

ब्लिट्झ खेळायला लागून महिना-दोन महिने झाले की प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच: हेवी टँकची कुठली लाईन धरू? बहुतेक जण याचं उत्तर दहाव्या टियरचं चित्र बघून देतात. माउस दिसतो, डोळे विस्फारतात, आणि ठरतं की आपण जर्मन. माझ्या मावसभावाचंही असंच झालं. बारावीत आहे, फोन चार वर्षं जुना, आणि एका रात्री त्याचा मेसेज आला, "दादा, १८८ टनांचा टँक आहे, तू फक्त हो म्हण, मी उद्यापासून सुरू करतो."

मी लगेच हो म्हटलं नाही. कारण लाईन निवडणं म्हणजे दहाव्या टियरचा टँक निवडणं नाही. लाईन निवडणं म्हणजे सहाव्या ते नवव्या टियरपर्यंत पुढचे कित्येक महिने रोज कुठल्या टँकमध्ये बसायचं ते निवडणं. दहावा टँक येईल तेव्हा येईल. तोवर शेकडो मॅच खेळायच्या आहेत, आणि त्या मॅचमध्ये टँक तुमच्याकडून एकच एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून घेतो. ती गोष्ट तुमच्या हाताला जमत नसेल तर ना टँक चांगला वाटतो, ना गेम.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ हा वॉरगेमिंगचा मोबाईल गेम, २०१४ मध्ये आला. सात विरुद्ध सात, एक मॅच जास्तीत जास्त सात मिनिटं. टँकचे चार प्रकार: लाईट, मीडियम, हेवी आणि टँक डिस्ट्रॉयर. टियर १ ते १०. तुमच्या टँकच्या एक टियर खाली किंवा एक टियर वरचे टँक मॅचमध्ये येऊ शकतात. हेवी म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारा आणि जागा न सोडणारा. सातपैकी दोन हेवी पहिल्या मिनिटात फुटले तर उरलेल्या पाच जणांचं काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच.

आणखी एक. डॅमेज, रीलोड, आर्मर यांचे आकडे अपडेटमध्ये खालीवर होत राहतात, म्हणून ते गेममध्येच बघा. इथे मी प्रत्येक लाईनचा स्वभाव सांगणार आहे. तो सहसा बदलत नाही, कारण तो टँकच्या आकारातून आलेला असतो.

आधी आर्मरचं गणित, मग लाईन

हे समजलं नाही तर पुढचं सगळं फुकट, म्हणून जरा थांबतो.

१०० मिमी जाडीचं पोलादी पत्रं सरळ उभं असेल तर गोळ्याला १०० मिमीच भेदायचे असतात. तेच पत्रं ३० अंश कलतं केलं की गोळ्याला आतून कापायचं अंतर ११५ मिमी होतं, ४५ अंशांना १४१, आणि ६० अंशांना थेट २००. जाडी तीच, वजन तेच, फक्त कल वेगळा. आणि कल साधारण ७० अंशांच्या पुढे गेला की साधे गोळे भेदायचा प्रयत्नच करत नाहीत, घसरून जातात. यालाच रिकोशे म्हणतात. (गेममध्ये गोळा आदळताना थोडासा आत वळतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून किंचित कमी येतो. पण डोक्यात ठेवायला एवढं पुरे.)

याला एक अपवाद आहे, तोही लक्षात ठेवा. गोळ्याचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल तर कल कितीही असो, गोळा घसरत नाही. म्हणजे ४० मिमीचं छत १३० मिमीच्या तोफेपुढे कागद आहे. "माझा टँक एवढा तिरका होता तरी कसा फुटला?" असं ओरडावंसं वाटलं की आधी हे तपासा.

आता एक खरा टँक घेऊ, टायगर टू. प्रत्यक्ष युद्धातल्या या टँकचं समोरचं वरचं पत्रं १५० मिमीचं आणि साधारण ५० अंश कललेलं होतं. हिशोब केला तर सुमारे २३३ मिमी. त्याखालचं पत्रं १०० मिमीचं, कल तेवढाच, म्हणजे सुमारे १५५. आणि टरेटचा, म्हणजे वरच्या फिरत्या भागाचा, चेहरा १८० मिमीच्या आसपास आणि जवळजवळ सरळ. एकाच टँकच्या एकाच बाजूला तीन वेगवेगळे आकडे! म्हणून खालचं पत्रं लपवलं तर तोच टँक भिंत होतो, आणि मोकळ्या मैदानात उभा केला तर फुकटचं डॅमेज.

ब्लिट्झमध्ये हे डोक्यात मोजत बसावं लागत नाही. स्नायपर मोडमध्ये नेम धरला की शत्रूच्या अंगावर जिथे लाल रंग चढतो तिथे तुमचा गोळा जाणार नाही; लाल नाही तिथे मारा. पण स्वतःच्या टँकवरचा लाल रंग तुम्हाला दिसत नाही, तो समोरच्याला दिसतो. हेवी खेळणं म्हणजे समोरच्याच्या स्क्रीनवर आपण जास्तीत जास्त लाल कसे दिसू याचा विचार करत राहणं. लाईन-लाईनमधला फरक इथूनच सुरू होतो.

जर्मन आणि सोव्हिएत: एकाची सवय दुसऱ्याला मारते

या दोन लाईनवर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण आपल्याकडे नव्वद टक्के वाद याच दोघांवर होतो. हा आकडा सर्व्हेचा नाही, माझ्या मित्रांच्या ग्रुपचा आहे.

जर्मन हेवी म्हणजे पेटी. टायगर वन बघा: समोर १०० मिमी, बाजूला ८० मिमी, आणि सगळं जवळजवळ सरळ उभं. कल नाहीच, म्हणून तो तुम्ही द्यायचा. शत्रूसमोर नाक सरळ न ठेवता टँक थोडा वळवला की समोरचं पत्रंही तिरकं होतं आणि बाजूचंही तिरकंच दिसतं. किती वळवायचा? टायगरच्या आकड्यांनी हिशोब केला तर साधारण ३९ अंशांना समोरचं आणि बाजूचं दोन्ही पत्रं सारखी, सुमारे १२८ मिमीची होतात. शत्रू बाराच्या काट्यावर आहे असं धरा आणि टँकचं नाक सव्वाच्या आसपास ठेवा, झालं. त्याहून जास्त वळलात तर बाजू उघडी पडते.

दुसरी जर्मन विद्या कोपऱ्याची. इमारतीच्या आड टँक असा तिरका उभा करायचा की नाक भिंतीमागे राहील, आणि मागे सरकत बाहेर यायचं. शत्रूला फक्त तुमची बाजू दिसते, तीही इतकी तिरकी की गोळा घसरतो. तुम्ही गोळी झाडता, पुढे जाता, पुन्हा आड. ८० मिमीची बाजू ७० अंशांनी दाखवली तर रिकोशे; तीच घाईत ४५ अंशांनी दाखवली तर फक्त ११३ मिमी, आणि सातव्या टियरला ११३ मिमी म्हणजे काहीच नाही. सगळा खेळ त्या पंचवीस अंशांचा. हे धीराचं काम आहे. ज्याला समोरून दोन गोळे आले की अंगठा आपोआप जॉयस्टिक पुढे ढकलतो, त्याने या लाईनपासून लांब राहावं.

सोव्हिएत आयएस लाईन याच्या अगदी उलट. सहाव्याला केव्ही-१एस, सातव्याला आयएस, आठव्याला आयएस-३, नवव्याला आयएस-८, दहाव्याला आयएस-७. आठव्या टियरपासून पुढच्या टँकचं नाक होडीसारखं टोकदार आहे. हे नाक कसं चालतं ते कळायला एक वही घ्या, अर्धवट उघडा आणि तिचा कणा आपल्याकडे करून उभी धरा. दोन्ही पुठ्ठे तुमच्यापासून तिरके मागे जाताना दिसतील. शत्रूला आयएस-३ असाच दिसतो: पत्रं वरून खालीही कललेली आणि बाजूलाही कललेली. आता वही थोडी वळवा. एक पुठ्ठा आणखी तिरका झाला, पण दुसरा सरळ तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला!

म्हणजे टायगरमध्ये जी सवय जीव वाचवते, तीच सवय आयएस-३ मध्ये जीव घेते. टोकदार नाकाच्या टँकमध्ये नाक शत्रूकडे सरळ ठेवायचं. दोन शत्रू दोन दिशांना असतील तर एकाला सरळ नाक आणि दुसऱ्याला आपोआप सपाट पत्रं मिळतं. म्हणून हा टँक एका वेळी एकाशी भिडण्यासाठी आहे. जर्मन लाईन आठव्यापर्यंत खेळून मग सोव्हिएतला आलेले कित्येक जण पहिल्या वीस मॅच "या टँकला आर्मरच नाही" म्हणत असतात. आर्मर आहे, फक्त ते वळून उभे राहतात.

या टोकदार नाकाची गोष्ट खरी आहे. आयएस-३ जगासमोर पहिल्यांदा आला तो ७ सप्टेंबर १९४५ च्या बर्लिनच्या विजय संचलनात. आयएस-८ नावाचा टँक तर स्टॅलिनच्या मृत्यूनंतर टी-१० या नावाने सैन्यात गेला, कारण आयएस ही स्टॅलिनच्याच नावाची आद्याक्षरं होती. आयएस-७ मात्र ६८ टनांचा, १३० मिमी तोफेचा असूनही प्रायोगिक टँकच राहिला.

सोव्हिएत टँकचा दुसरा गुण म्हणजे एकेक गोळी जड. आयएसची १२२ मिमी तोफ एका फटक्यात मोठा तुकडा काढते, मग रीलोडला बराच वेळ घेते, आणि नेम बसायलाही वेळ लागतो. म्हणून लांबून टिपत बसण्यात अर्थ नाही. जवळ जा, एक मारा, आड व्हा, रीलोड होईपर्यंत जीव धरून ठेवा, पुन्हा एक मारा. वेग बऱ्यापैकी, त्यामुळे चुकीच्या बाजूला गेलात तरी परत येता येतं. नवीन माणसाला मी सहसा हीच लाईन सुचवतो, कारण ती चुका पोटात घालते.

तरी एक दोष सांगायलाच हवा: तोफ खाली फारशी झुकत नाही. त्याचा अर्थ पुढच्या लाईनमध्ये कळेल.

अमेरिकन: टेकडीमागून फक्त डोकं

टँक टेकडीच्या चढावर उभा राहिला की त्याचं नाक आकाशाकडे जातं. समजा चढ आठ अंशांचा आहे. तुमची तोफ पाच अंशच खाली झुकत असेल, तर पूर्ण खाली करूनही ती तीन अंश वरच बघते. खालचा शत्रू दिसत नाही, तुम्ही मात्र त्याला दिसता. तोफ दहा अंश झुकत असेल तर तुम्ही चढाच्या आडून आरामात मारू शकता, आणि शत्रूला दिसतो फक्त टरेट.

अमेरिकन हेवी याच कामासाठी आहेत. सातव्याला टी२९, आठव्याला टी३२, नवव्याला एम१०३, दहाव्याला टी११०ई५. टी२९ चा टरेट त्या टियरला इतका जाड असतो की समोरचे गोळे आदळून परत जाताना ऐकणं हा एक वेगळाच आनंद आहे. खालचं अंग मात्र साधारण. ते उघडं पडलं की संपलं. प्रत्यक्षात टी२९ ची आखणी १९४४ मध्ये जर्मन टायगर टूला उत्तर म्हणून सुरू झाली, पण तो लढाईत उतरायच्या आतच युद्ध संपलं. एम१०३ मात्र खरोखर सैन्यात होता, सुमारे ३०० बनले.

या लाईनला जे लागतं ते टँकमध्ये नाही, तुमच्या डोक्यात आहे: नकाशा. कुठे उंचवटा आहे, कुठल्या उंचवट्यावरून कुठली गल्ली दिसते, तिथे पोचायला किती सेकंद लागतात. नकाशे पाठ नसतील तर टी२९ सपाट रस्त्यावर उभा राहून मार खातो. पाठ असतील तर सातव्या टियरला यापेक्षा मजेदार हेवी मला तरी माहीत नाही. युरोपियन गटातली स्वीडिश क्रानवॅगनची लाईन हीच कल्पना आणखी टोकाला नेते: तोफ आणखी खाली झुकते, टरेट दगडासारखा, आणि वर पुढे सांगतो तो ऑटोलोडर. पण तिथे खालचं अंग आणखी हलकं.

ब्रिटिश: हळू आणि सतत

चर्चिल, ब्लॅक प्रिन्स, कार्नार्व्हन, कॉन्करर, एफव्ही२१५बी. एकेका गोळीचं डॅमेज कमी, पण रीलोड झपाट्याने आणि नेम चांगला. आयएस एक मारून आड होतो, ब्लॅक प्रिन्स तेवढ्या वेळात तीन-चार टोचण्या देतो. मात्र प्रत्येक टोचणीसाठी त्याला शत्रूसमोर उभं राहावं लागतं, आणि सातवा टियर भयंकर हळू. प्रत्यक्षातही ब्लॅक प्रिन्स म्हणजे चर्चिलचं वाढवलेलं, सुमारे ५० टनांचं अंग आणि इंजिन मात्र चर्चिलचंच, ३५० अश्वशक्तीचं. सहा नमुने बनले आणि विषय संपला. गेममध्ये तो टप्पा कंटाळवाणा आहे, लपवत नाही. कार्नार्व्हनपासून लाईन सुधारते; त्यात सेंच्युरियनच्या टरेटची कल्पना आहे, आणि सेंच्युरियन म्हणजे १९६५ च्या युद्धात आपल्या सैन्याने वापरलेला टँक.

खरा चर्चिल बघायचा असेल तर लांब जायला नको. अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात तो उभा आहे. त्याच्या शेजारी माणूस उभा राहिला की 'हेवी' या शब्दाचा अर्थ पाचच इंचांच्या स्क्रीनवर किती कमी कळतो ते समजतं.

ऑटोलोडर: धडाधड तीन-चार, मग लांब शांतता

फ्रेंच एएमएक्स ५० बी आणि अमेरिकन टी५७ हेवी. या टँकमध्ये ड्रम असतो. दोन-तीन सेकंदांच्या अंतराने तीन-चार गोळे जातात, आणि मग ड्रम पुन्हा भरेपर्यंत तुम्ही जवळजवळ निःशस्त्र. एकटा सापडलेला शत्रू एका ड्रममध्ये संपतो. पण ड्रम रिकामा असताना कोणी अंगावर आला तर संपता तुम्ही. आर्मरवर विसंबायचं नाही. हे नावाला हेवी, स्वभावाने शिकारी.

ही कल्पनाही खरी आहे. फ्रेंच एएमएक्स-१३ या हलक्या टँकमध्ये सहा-सहा गोळ्यांचे दोन ड्रम होते आणि टरेटचा वरचा भाग तोफेसकट वरखाली झुलायचा. १९६२ च्या युद्धात आपल्या वायुदलाने असे टँक विमानाने लडाखमध्ये चुशूलला उतरवले होते. गेममधला ५० बी हा त्याच घराण्यातला थोरला भाऊ.

व्हिडिओत ऑटोलोडर फार भारी दिसतो, कारण व्हिडिओत ड्रम भरतानाची अर्धी मिनिटं कापलेली असतात. कुठे कोण आहे, कोणाची गोळी नुकतीच गेली, आपल्याकडे किती सेकंद आहेत, हे सगळं मिनीमॅपवरून वाचता येत असेल तरच इकडे या. पहिली हेवी लाईन म्हणून तर नकोच.

आणि माउस?

माउस खरा होता. १८८ टन, दोन नमुने बनले, आणि त्या दोघांचे भाग जोडून केलेला एक आजही रशियात कुबिंका इथे आहे. गेममध्ये तो टायगर (पी) च्या वाटेने मिळतो. एचपी भरपूर, टरेट मागच्या बाजूला असल्यामुळे कोपऱ्यावरची ती तिरकी विद्या त्याला सुंदर जमते, आणि दोन माउस एका गल्लीत शेजारी उभे राहिले की ती गल्ली बंद.

पण सात मिनिटांच्या मॅचमध्ये तुम्ही पहिल्या मिनिटाला जी दिशा घेता तीच शेवटपर्यंत तुमची दिशा असते. टीम दुसरीकडे गेली तर तुम्ही एकटे. टीम हरायला लागली तर पळता येत नाही, जिंकायला लागली तर पोचता येत नाही. मावसभावाला मी एवढंच विचारलं, "मॅच सुरू झाल्यावर पहिल्या दहा सेकंदांत तू मिनीमॅप बघतोस का?" तो म्हणाला, "दादा, मिनीमॅप कोपऱ्यात असतो, अंगठ्याखाली जातो." मग माउस कशाला?

ज्यांना जर्मन हवंय पण एवढं जड नको, त्यांच्यासाठी टायगर, टायगर टू, ई ७५, ई १०० ही वाट आहे. दहाव्याला १५ सेंटीमीटरची तोफ, एक फटका आणि समोरचा विचारात. चिनी लाईन ही सोव्हिएत घराण्याची चुलत बहीण, आयएस-२ पासूनच सुरू होते. आयएस जमली तर ती जमेल.

तुमचा फोनही मत देतो

हे कोणी सांगत नाही. कोपऱ्यावर मागे सरकत अचूक कोन धरणं, आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगठ्याने नेम धरणं, हे टॅबलेटवर सोपं आणि लहान स्क्रीनवर कठीण आहे. फोन तापला की फ्रेम गळतात, आणि तेव्हा कोन चुकतो. नाक सरळ ठेवायची आयएस लाईन किंवा एकदा टेकडीमागे बसलं की फारसं न हलणारी अमेरिकन लाईन जुन्या फोनवर जास्त सुखाची.

नेटवर्कचंही तसंच. आशियाचा सर्व्हर सिंगापूरला, म्हणजे तुमचं प्रत्येक बोट समुद्र ओलांडून जातं. पिंग अधूनमधून उडत असेल तर ऑटोलोडर सगळ्यात जास्त त्रास देतो: ड्रमच्या मधोमध दोन सेकंद स्क्रीन गोठली की अख्खा ड्रम वाया. ब्रिटिश टँकची एखादी गोळी वाया गेली तर पुढची लगेच येते. पावसाळ्यात गावाकडून खेळणाऱ्यांनी याचा खरंच विचार करा. ग्राफिक्स कमी करून फ्रेम रेट वाढवा. झाडांची पानं सुंदर दिसण्यापेक्षा नेम हलताना न अडखळणं महत्त्वाचं.

पैसे आणि वेळ

आठव्या टियरनंतर दुरुस्ती आणि गोळे महाग होतात. प्रीमियम अकाउंट नसेल तर हरलेल्या मॅचमध्ये क्रेडिट्स उलटे जाऊ लागतात, आणि दर गोळीला प्रीमियम शेल वापरलात तर जिंकूनही जातात. इथेच माणूस अडकतो: लाईन आवडत नाही, पण अर्धी झालीय, मग फ्री एक्सपीसाठी गोल्ड घेऊन उरलेले टियर उडवून टाकू. मावसभावाच्या कार्टमध्ये एक बंडल पडून होतं, घरच्यांच्या यूपीआयवरून. मी त्याला एवढंच म्हटलं, "जो टियर खेळायला नको म्हणून तू पैसे देतोयस, त्याच्या पुढच्या टियरला टँक तेच काम सांगणार आहे." सातव्याला कोपरा जमत नसेल तर नववा टियर विकत घेऊन कोपरा जमणार नाही. उलट तिथे समोर ते लोक असतील ज्यांना तो जमतो.

म्हणून आधी स्वस्तात तपासा. पाचव्या टियरला केव्ही-१, टी१ हेवी आणि चर्चिल मिळतात. तिथवर पोचायला फार दिवस लागत नाहीत. प्रत्येकात दहा मॅच खेळा. मेल्यावर लगेच गॅरेजमध्ये पळू नका. पाच सेकंद बघा: शेवटची गोळी कुठून आली? समोरून खालच्या पत्र्यात बसली, म्हणजे तुम्ही मोकळ्यावर उभे राहता. तुम्हाला टेकडी शिकवणारी अमेरिकन लाईन उपयोगी. बाजूने आली, म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या पुढे घुसता; वेग असलेली आयएस घ्या, निदान परत तरी येता येईल. मागे सरकताना आली, म्हणजे पाय लवकर निघतो. अशा हाताला माउस नको. आणि तीस मॅचपैकी बऱ्याच मॅचमध्ये तुम्ही शेवटपर्यंत जिवंत राहिलात पण डॅमेज फारच कमी असेल, तर तुम्ही मागे लपता; मग हेवीच्या आधी टँक डिस्ट्रॉयर बघा, त्यात काही कमीपणा नाही.

मित्र असेल तर दोघांची प्लटून करा आणि दोघांनी वेगळ्या स्वभावाचे टँक घ्या. एक नाक सरळ ठेवून समोर भिडणारा आयएस, दुसरा मागच्या टेकडीवरून टिपणारा टी२९. समोरचा आयएसवर गोळी झाडतो आणि रीलोडमध्ये जातो, तेवढ्यात टी२९ ची गोळी. दोन सारखे टँक घेतले की दोघेही एकाच गल्लीत एकमेकांच्या बुडाला ठोकत बसतात.

मावसभाऊ सध्या केव्ही-१एस वर आहे आणि आयएससाठी क्रेडिट्स जमवतोय. बंडल कार्टमधून गेलं. आठव्या टियरला पोचलात की तिथे थोडं थांबा. आयएस-३, टी३२ किंवा टायगर टू, जो असेल तो. पुढचा टँक लवकर घ्यायच्या नादात तो विकू नका, कारण विकताना अर्धीच किंमत परत मिळते, आणि नववा आवडला नाही तर परतायला गॅरेजमध्ये काहीतरी हवं.